प्रेमकथा समोर येतात, मैत्री शोधावी लागते : पुस्तके सुचवणाऱ्या अ‍ॅपचे नऊ महिने

गेले नऊ महिने मी पुस्तके सुचवणारे आणि तिथेच वाचायला देणारे एक अ‍ॅप जवळजवळ रोज वापरते आहे. प्रेम आणि मैत्री हा ज्यांचा गाभा आहे अशा नव्या कादंबऱ्या, ऐतिहासिक आणि समकालीन अशा दोन्ही, मिळत राहाव्यात, एवढ्याच हेतूने वर्गणी भरली होती. या काळात ४३ पुस्तके उघडली, त्यांपैकी २६ शेवटपर्यंत वाचली आणि त्यांतली निदान १० अशी निघाली की जी एरवी माझ्या हाती कधीच पडली नसती. म्हणून अनुभव समाधानाचाच आहे, मात्र ते समाधान पदरात पडायला चार महिने जावे लागले.

सुरुवातीला अ‍ॅप आवडती पाच पुस्तके विचारते. मी सर्वांत आधी एलेना फेरांते यांची २०११ ते २०१४ या काळात इटालियनमध्ये प्रसिद्ध झालेली चार भागांची मालिका नोंदवली, कारण दोन मैत्रिणींचे आयुष्यभराचे प्रेम, मत्सर आणि अबोला इतक्या निर्भीडपणे मी अन्यत्र वाचलेला नाही. अ‍ॅपने त्यावरून काय ताडले असावे, हे पुढच्या तीन आठवड्यांत कळले : एकामागून एक रोमान्स. शिफारशींची ही पद्धत मुख्यतः एका हिशेबावर चालते, तो म्हणजे ज्या वाचकांना तुमचे पुस्तक आवडले त्यांना आणखी काय आवडले. त्यात पुस्तकावरील वर्गाची चिठ्ठी मिसळली जाते, आणि चिठ्ठीच्या बाबतीत प्रेमाचे पारडे फार जड आहे. रोमान्स हा प्रकाशनव्यवहारात पक्का ठरलेला प्रकार असून प्रेमकथा केंद्रस्थानी असणे आणि शेवट आशादायक असणे हे त्याचे संकेत मानले जातात. तो वर्ग निवडला की विरहात संपणारी किंवा लग्नानंतर वीस वर्षांनी सुरू होणारी प्रेमाची गोष्ट आपोआप गाळली जाते. हे लक्षात आल्यावर मी तो वर्ग निवडणेच सोडले आणि प्रेमाच्या अधिक चांगल्या कादंबऱ्या मिळू लागल्या.

‘ऐतिहासिक’ या दालनाबाबतही सावध राहावे. जेन ऑस्टिन यांची १८१३ साली आलेली ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ मला तिथे दिसली, परंतु ती लेखिकेने स्वतःच्याच काळाविषयी लिहिलेली आहे. ती जुनी आहे, ऐतिहासिक नव्हे. वॉल्टर स्कॉट यांनी १८१४ च्या ‘वेव्हर्ली’ला ‘साठ वर्षांपूर्वीची गोष्ट’ अशा अर्थाचे उपशीर्षक दिले होते, आणि त्यांच्या नावाने ऐतिहासिक कादंबरीला दिल्या जाणाऱ्या पुरस्कारातही कथानकाचा बहुतांश भाग किमान ६० वर्षांपूर्वी घडलेला असावा, अशी अट आहे. मी आता हीच कसोटी वापरते. अ‍ॅपमध्ये कथा घडते तो काळ निवडण्याची सोय असती, तर माझे कितीतरी तास वाचले असते.

खरी कसोटी लागली ती मैत्रीच्या शोधात. शोधपट्टीत ‘मैत्री’ लिहिले की आधी मुलांची पुस्तके येतात, मग नाती सुधारण्याचे सल्ले, आणि त्यानंतर अशा कादंबऱ्या की ज्यांत मैत्रीण फक्त नायिकेचे प्रेमप्रकरण ऐकून घेण्यापुरती असते. चौथ्या महिन्यात मी एका युद्धकाळातील कादंबरीखालचे वाचकांचे अभिप्राय चाळत होते. मलपृष्ठावरील मजकूर एका अधिकाऱ्याच्या प्रेमाविषयीच बोलत होता. पण एका वाचकाने लिहिले होते की त्या अधिकाऱ्याचे नावही आपल्या लक्षात राहिले नाही, धोबीघरातली मैत्रीण मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही. मी नमुना प्रकरण उघडले. दोघी एका ओल्या चादरीची दोन टोके धरून उभ्या आहेत, आदल्या रात्रीच्या भांडणाविषयी एक शब्दही काढत नाहीत, आणि प्रत्येक घडीसरशी त्यांना एकमेकींकडे चालत यावे लागते. मी ते पान तीनदा वाचले. त्या वाचकाचे इतर अभिप्राय मग शोधून काढले आणि माझ्या २६ पैकी ७ कादंबऱ्या त्या एकाच यादीतून आल्या. तेव्हापासून माझा शोध पुस्तकांऐवजी वाचकांचा आहे, आणि एखाद्या वाचकाच्या मागे राहण्याची सोय हे या अ‍ॅपचे सर्वांत मोठे बळ आहे, असे मी ठामपणे म्हणेन.

दोषही आहेत. नव्या पुस्तकाला मते नसतात म्हणून ते वर येत नाही, आणि वर येत नाही म्हणून त्याला मते मिळत नाहीत. त्यामुळे आठवड्यातून एकदा यादी प्रकाशनाच्या तारखेने लावून स्वतःच पाहावी लागते. मालिकेचा तिसरा भाग पहिल्याआधी सुचवला जाणे मला दोनदा भोवले. त्याविषयी कळवले, तर दोन्ही वेळा साचेबद्ध उत्तर आले. अभिप्रायांत शेवट फोडला जातो, त्यावर कसलाही पडदा नाही.

एक युक्ती मात्र आवर्जून सांगते. ऐतिहासिक कादंबरी निवडताना अनुक्रमणिकेच्या तळाशी लेखकाचे मनोगत आहे का, ते पाहावे. कुठली पत्रे खरी, कुठली व्यक्ती कल्पित आणि कुठल्या घटनेची तारीख सोयीसाठी हलवली, हे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या लेखकाच्या प्रेमकथेवर मी अधिक विश्वास ठेवते, आणि आजवर त्या विश्वासाला तडा गेलेला नाही. मनोगत नमुन्यात मिळत नाही, परंतु वर्गणीत पूर्ण पुस्तक उघडता येत असल्याने मी थेट शेवटी जाऊन ते आधी वाचते.

मागील आठवड्यात वर्गणी आणखी एका वर्षासाठी वाढवली. सध्या त्याच वाचकाने सुचवलेली एक समकालीन कादंबरी सुरू आहे. तिच्यात चाळिशीतल्या दोन मित्रांपैकी एकाने दुसऱ्याच्या फोनला उत्तर देणे बंद केले आहे; १४० पाने झाली तरी कारण उलगडलेले नाही, आणि मी अजून एकही अभिप्राय उघडलेला नाही.