शेवटच्या थांब्यापर्यंत, दोन भाचरांसोबत

महिन्यातल्या एखाद्या रविवारी बहिणीची दोन्ही मुलं दिवसभर माझ्याकडे असतात. भाची आठ वर्षांची, भाचा साडेचारचा. आतापर्यंत आम्ही पाच वेळा नुसते सिटी बसने फिरून आलो. कुठे पोहोचायचं नसतं. बस मिळाली की चढायचं, शेवटच्या थांब्याला उतरून पाय मोकळे करायचे आणि त्याच मार्गाने परत यायचं. मुलांना घेऊन इतक्या कमी खर्चात इतका चांगला वेळ मला दुसरीकडे कुठेही मिळालेला नाही.

सगळं जागेवर ठरतं. ड्रायव्हरच्या पलीकडच्या बाजूची पुढची सीट मिळाली तर दुसरं काही बघू नका. समोरची मोठी काच आणि ड्रायव्हरचे हात, दोन्ही तिथून दिसतात. पुढे आडवा दांडा नसेल तर लहान्याला आतल्या बाजूला बसवून धरून ठेवायचं, कारण बसने ब्रेक मारला की मूल सरळ पुढे जातं. पहिल्याच फेरीत एका वळणावर भाचा ओरडला, "मामा, आपण भिंतीवर आपटणार!" त्याला खरंच तसं दिसत होतं. बसची पुढची चाकं ड्रायव्हरच्या मागे असतात, म्हणून तो आधी बसचं नाक कोपऱ्याच्या पुढे नेतो आणि मग स्टिअरिंग फिरवतो. पुढच्या सीटवर बसलेल्याला वाटतं, वळायचं राहिलंच. भाचीला हे सांगितलं, तर पुढच्या वेळी ती मुद्दाम मधल्या खिडकीशी बसली. मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेने न जाता आतल्या बाजूने कोपरा कापतं, हे तिचं तिनेच पकडलं. वळणाऱ्या बसच्या आतल्या बाजूला सायकल घेऊन का थांबायचं नाही, ते मला वेगळं समजवावं लागलं नाही.

भाच्याचं सगळं लक्ष आवाजांकडे. दार उघडताना येणारा 'फुस्स' त्याला तोंडपाठ आहे. तो आवाज दाबून भरलेल्या हवेचा. मोठ्या बसचे ब्रेकही बहुधा अशाच हवेवर चालतात. काही लो-फ्लोअर बस थांब्यावर दाराच्या बाजूला थोड्या झुकतात. चाकांवरच्या हवेच्या फुग्यांतली थोडी हवा सोडली की ती बाजू खाली येते आणि आजीआजोबांना चढायला सोपं जातं. "बस वाकून नमस्कार करते," असं भाचा म्हणतो.

शेवटची सीट मुलांना हवीहवीशी वाटते, कारण ती मागच्या चाकांच्याही मागे असते आणि प्रत्येक खड्ड्याला चांगलीच उसळते. भाचीला मात्र तिथे मळमळलं. खाली बघून पुस्तक वाचत होती. डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, तेव्हा असं होतं. पुढे आणून लांब रस्त्याकडे बघायला लावलं, खिडकी उघडली, दहा मिनिटांत बरं वाटलं.

त्रासही सांगतो. रविवारी गर्दी कमी, पण बसही कमी. तिसऱ्या खेपेला परतीच्या थांब्यावर चाळीस मिनिटं काही आलंच नाही, सावली नव्हती आणि भाच्याला शू लागली. त्या दिवशी मुलांचे खरोखर हाल झाले. तेव्हापासून निघण्याआधी परतीच्या बसची वेळ बघतो, शेवटच्या थांब्यावर स्वच्छतागृह आहे ना याची चौकशी करतो, आणि अंतर एका बाजूला पाऊण तासाच्या वर जाऊ देत नाही. साडेचार वर्षांच्या मुलाला त्याहून जास्त बसवणं बरोबर नाही. ऑफिसच्या वेळाही टाळाव्यात. उभ्या माणसांच्या गर्दीत मुलांना काही दिसत नाही, आणि दमून घरी निघालेल्यांची जागा आपण अडवतो. लहान मुलांच्या तिकिटाची सवलत कुठे वयावर असते, कुठे उंचीवर. ती आधी विचारून घ्यावी. दिवसभराचा पास मिळत असेल तर मध्येच उतरून दुसरी बस पकडता येते.

थांब्यावर वाट बघताना गोष्टी सांगायला वेळ मिळतो. 'बस' हा शब्द 'ओम्निबस' या लॅटिन शब्दाचा तुकडा, अर्थ 'सर्वांसाठी'. गणितज्ञ पास्कालच्या पुढाकाराने 1662 मध्ये पॅरिसमध्ये ठरलेल्या मार्गांवर धावणाऱ्या घोडागाड्या सुरू झाल्या. भाडं दिलं की बसायचं. पण सैनिक आणि नोकरचाकर यांना त्यात बसायला मनाई होती. भाचीने लगेच विचारलं, "मग ती सर्वांसाठी कशी?" त्यावर आम्ही दोन थांबे बोलत होतो.

परतताना मी त्यांना मुद्दाम पुन्हा त्याच बाजूच्या सीटवर बसवतो. बस उलट्या दिशेने जात असल्यामुळे आता रस्त्याची दुसरी बाजू समोर येते. चौथ्या खेपेपासून भाची वहीत एका पानावर जातानाची आणि समोरच्या पानावर येतानाची दुकानं, झाडं, चौक काढते. मधली पट्टी तिने रस्त्यासाठी कोरी ठेवली आहे. भाचा तिथे बस काढतो.