घरच्या आजारपणाच्या कोलाजसाठी फेविकॉल एमआर

घरातल्या कुणाचा स्किझोफ्रेनिया किंवा अंधत्व कोलाजमधून मांडताना केसपेपर, फोटो, औषधांची पाकिटं चिकटवावी लागतात. त्यासाठी फेविकॉल एमआर उत्तम, वाळल्यावर दिसतच नाही. पण त्यात पाणी असल्याने पातळ कागद सुरकुततो. खाली 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड कागद घ्या, सपाट ब्रशने अगदी पातळ थर द्या, वर बटर पेपर ठेवून रात्रभर जड पुस्तकांखाली दाबा.

इंकजेट प्रिंटची शाई ओलीने पसरते, लेझर झेरॉक्स टिकते. ईसीजीचा थर्मल (उष्णतेने छापला जाणारा) कागद कालांतराने फिका पडतो, म्हणून त्याचीही झेरॉक्सच लावा. मूळ फोटो कधीही चिकटवू नका! केसपेपरवरचं नाव ठेवायचं की झाकायचं, हे ज्याचा आजार त्यानेच ठरवावं. गोळ्यांच्या चकचकीत फॉइलवर मात्र फेविकॉल धरत नाही, तिथे दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेपच हवी.