न बदललेल्या टायमिंग चेनचे १८,७०० रुपये

पैसे गेले ते गेलेच. पण गॅरेजवाल्याचं खोटं माझ्यासमोर भर दुपारी उघडं पडलं होतं आणि ते मीच झाकलं, याचा संताप अजून उतरत नाही.

आमची २०१४ ची वॅगनआर. सकाळी चालू केली की किर्र असा आवाज, हेडलाइट लावले की आणखी जोरात. शुक्रवारी धुळ्याला भाचीचं लग्न, आणि आमचा इंदूरच्या लोकमान्य नगरातला नेहमीचा मिस्त्री नेमका गावी. म्हणून बुधवारी रिंग रोडवरच्या एका गॅरेजात गेलो. (अनोळखी गॅरेज आणि डोक्यावर प्रवास, हा मेळ जमू देऊ नका.)

त्याने लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून दांडा कानाला लावला. ही पद्धत खरीच आहे, म्हणूनच मी भुललो. "भिया, टाइमिंग चेन बोल रही है. बिजासन घाट में टूट गई तो इंजन गया समझो." धुळ्याच्या वाटेवरच्या या घाटाचं नाव काढलं आणि माझे पायच गळाले. सोबत ऐंशीची आई असणार होती.

आता ती दोन मिनिटं. त्याने बाहेरचा पट्टा काढला आणि गाडी चालू केली. आवाज गायब. अगदी गप्प. हिने लगेच म्हटलं, "अहो, आवाज बंद झाला की!" तो म्हणाला, "भाभीजी, बेल्ट के बिना इंजन पे लोड नहीं आता." आणि मी, एकतीस वर्षं बँकेत लोकांच्या सह्या तपासलेला माणूस, हिलाच म्हणालो, "तुला काय कळतं यातलं?"

अहो, चेन इंजिनाच्या आत असते! पट्टा असो-नसो, इंजिन फिरलं की ती फिरणारच. पट्टा काढल्यावर आवाज थांबला, तर दोष त्या पट्ट्यात किंवा त्यावर चालणाऱ्या वस्तूंत: अल्टरनेटर, वॉटर पंप, एसीचा कॉम्प्रेसर. ही परीक्षा कोणीही करून घ्यावी, फक्त अर्ध्या मिनिटाच्या वर नको, कारण वॉटर पंपही थांबलेला असतो.

चेन किट ८,४००, ऑइल पंप ४,६००, मजुरी ४,५००, ऑइल १,२००. त्यातले ९,००० यूपीआयने गेले, तेही भलत्याच नावावर. उरलेले ९,७०० रोख, कच्च्या कागदावर. जुनी चेन त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. केवढा प्रामाणिक, असंही मला वाटलं.

लग्न पार पडलं. परतल्यावर चौथ्या दिवशी तीच किरकिर. आमचा मिस्त्री आला, खाली वाकला आणि हसला. चेनच्या कव्हरवरचं सील जुनंच, बोल्टवर वर्षानुवर्षांची धूळ. कव्हर कोणी उघडलंच नव्हतं. अल्टरनेटरचं बेअरिंग गेलं होतं, त्यावर स्प्रे मारून आवाज दाबलेला. बेअरिंग आणि मजुरी मिळून १,१५०. आणि ती जुनी चेन? मोटरसायकलची!

गॅरेजवाला म्हणाला, "हमने तो बदली थी, साबित करो." पोलीस ठाण्यात दोन तास बाकावर बसवलं. "चोरी हुई? मारपीट हुई? फिर ये तो आपका लेन-देन है." अर्ज घेतला, पोच दिली नाही. दुसऱ्यांदा गेलो तर अर्जच सापडेना. हेल्पलाइनवर तक्रार केली, तर आठवड्याने मेसेज: तक्रारीचं समाधान झालं. कोणाचं झालं? मला साधा फोनही आला नाही. पुन्हा नोंदवली, पुन्हा 'समाधान'. तिसऱ्या वेळी पलीकडच्या बाईंनी विचारलं, पक्कं बिल आहे का, आणि पैसे ज्या नावावर गेले ते नाव दुकानाचं आहे का. नाही आणि नाही. ओळखीचे वकील तर म्हणाले, "एवढ्याशासाठी?" एवढ्याशासाठी! ज्याचे जातात त्याला विचारा.

तेव्हा पक्कं बिल हातात आल्याशिवाय रुपया सोडू नका. कव्हर उघडताना समोर उभे राहा, फोटो काढा. जुना भाग आपल्याच गाडीचा आहे का, हे दुसऱ्याला दाखवा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. हे मला ठाण्यात कोणी सांगितलं नाही, शेजारच्या कॉलेजातल्या मुलाने सांगितलं.

अर्ज लिहून तयार आहे. पुरावा म्हणून ती मोटरसायकलची चेन बैठकीतल्या शोकेसमध्ये ठेवली आहे. ही रोज तिच्यावरची धूळ पुसते आणि एक शब्द बोलत नाही.