व्हिलातली जादा रात्र: सातवा हिस्सा, ठरीव दर की सरळ दुसरा आठवडा?

व्हिला आठवड्याच्या भाड्याने घेतला आणि परतीचं विमान मात्र दहाव्या दिवशी सकाळी, म्हणजे दोन रात्री जास्तीच्या. आठवड्याचं भाडं भागिले सात, गुणिले दोन, असा हिशेब आपण मनात करून टाकतो. मग मालकाचा आकडा येतो आणि तो बराच मोठा निघतो. अशा वेळी रागावण्याआधी त्याने कुठल्या पद्धतीने आकारणी केली आहे ते बघा, कारण पद्धत बदलली की तुमचा निर्णयही बदलायला हवा.

चलन कुठलंही असो, आठवड्याचं भाडं ७०० आणि साफसफाईचे एकदाच ९० असं धरू.

सातव्या हिश्शाच्या पद्धतीत जादा रात्रीचे १००. नऊ रात्रींचे सगळे मिळून ९९०. याहून सरळ हिशेब नाही, आणि मालकाने हा दर दिला तर मी फार विचार न करता घेईन. एकच गोष्ट तपासायची: जादा रात्र शनिवार-रविवारी किंवा ऐन हंगामात जाते आहे का? तसं असेल तर पुष्कळदा त्या तारखेचा दर लागतो, तुमच्या आठवड्याचा नाही.

ठरीव दराच्या पद्धतीत मालक जादा रात्रीचा वेगळाच आकडा सांगतो, उदाहरणार्थ आठवड्याच्या भाड्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे १४०. नऊ रात्रींचे १०७०. हे ऐकायला जाचक वाटतं, पण मालकाची बाजूही समजून घ्या. त्याची बुकिंगं शनिवार ते शनिवार अशी असतील, तर तुमच्या दोन रात्रींनी पुढचा अख्खा आठवडा मोडतो. उरलेल्या पाच रात्री घेणारा सहजी मिळत नाही. त्या तोट्याचा काही भाग तो तुमच्याकडून वसूल करतो.

आता गंमत अशी, की या दराने पाच जादा रात्रींचे बरोबर ७०० होतात. म्हणजे दुसरा आठवडाच. सहा रात्रींचे तर ८४०! त्यामुळे चारपर्यंत जादा रात्री हव्या असतील तर ठरीव दर चालेल, त्यापुढे मात्र दुसऱ्या आठवड्याचंच भाडं विचारा, मग शेवटचे एकदोन दिवस घर रिकामं राहिलं तरी हरकत नाही.

जिथे भाडं मुळातच रात्रीवर असतं आणि सात रात्रींना सवलत मिळते, तिथे हिशेब उलटा फिरतो. रात्रीचे १२० आणि सात रात्रींपासून १५ टक्के सूट असेल, तर सहा रात्रींचे ७२० आणि सातांचे ७१४ होतात. सातवी रात्र घेतली की बिल कमी होतं. तुम्ही सहा रात्री राहून सातव्या दिवशी निघणार असलात तरी अशा ठिकाणी सात रात्रींचं बुकिंग करून बघाच.

दराइतकंच दराबाहेरच्या खर्चाकडे लक्ष हवं. साफसफाई एकदाच लागते, म्हणून जास्त रात्रींवर ती विभागली जाते. हा जादा रात्रीचा फायदा. उलट, अनेक ठिकाणी पर्यटन कर माणशी आणि रात्रीवार असतो, कुठे तरणतलावाचं पाणी गरम ठेवण्याचे रोजचे पैसे लागतात आणि बुकिंग करून देणाऱ्या संकेतस्थळाचं शुल्क एकूण रकमेच्या टक्केवारीने वाढतं. काही करारांत आठवडा ओलांडला की चादरी-टॉवेल बदलण्याचे वेगळे. म्हणून मी रात्रीचा दर विचारतच नाही. सात रात्रींचा आणि नऊ रात्रींचा, असे सर्व खर्चांसह दोन एकूण आकडे मागते. त्यांतला फरक हीच जादा रात्रींची खरी किंमत.

कधी विचारायचं, हेही महत्त्वाचं. बुकिंगच्या वेळी विचारलं तर सगळं एकाच करारात बसतं. राहायला गेल्यावर मुक्काम वाढवला तर कधी ते नवं बुकिंग धरलं जातं आणि साफसफाईचे ९० पुन्हा लागतात. ते माफ करायला जरूर सांगा, कारण घर मध्ये रिकामं होतच नाही. मात्र दोन बुकिंगांच्या मध्ये एक-दोन रात्रींची फट उरली असेल, तर पारडं तुमच्याकडे झुकतं. किमान मुक्कामाच्या अटीमुळे त्या रात्री दुसरं कुणी घेणार नसतं. तिथे मोकळेपणाने कमी दर मागा.

आणि पूर्ण रात्रच लागते का? विमान रात्री अकराचं असेल तर प्रश्न फक्त काही तासांचा असतो. त्या दिवशी नवे पाहुणे येणार नसतील, तर उशिरा चेक-आउट थोडक्या पैशांत जमू शकतं. पहाटे पोचणार असाल तर मात्र आदल्या रात्रीचं भाडं भरूनच घर तयार मिळतं, आणि पहाटे येणार हे मालकाला लेखी कळवायला हवं, नाहीतर पाहुणे आलेच नाहीत असा त्याचा समज होऊ शकतो. दोघंच असाल तर त्या एका रात्रीसाठी हॉटेलची खोली बहुधा स्वस्त पडेल. आठ जण असाल तर चार खोल्यांचं भाडं मोजून बघा. तिथे १४० चा ठरीव दरसुद्धा परवडण्याची शक्यता जास्त.