ईको कँपर, 12 व्होल्टचा साऊंड आणि उतरलेला पंचम: वर्षभर वापरल्यानंतर

गाडीत काय काय आहे ते थोडक्यात सांगतो. मारुतीची ईको व्हॅन, मागच्या सीटच्या जागी प्लायचा बेड, बेडखाली 12.8 व्होल्ट 100 एएचची (अँपिअर-अवर) लिथियम फॉस्फेट बॅटरी, हजार वॉटचा इन्व्हर्टर, त्यावर छोटा फ्रिज, छतावर सोलर पॅनल. आणि ज्याच्यासाठी मी हा सगळा खर्च केला तो बॅटरीवर चालणारा क्लास डी ॲम्प (कमी वीज खाणारा ॲम्प्लिफायर) आणि दोन बुकशेल्फ स्पीकर. आज लिहायला बसलो कारण इन्व्हर्टरवाल्यांशी परवा जोरात वाजलं. ते पुढं सांगतो.

बायकोला जंगल, पाणी, पक्षी पाहिजे आणि मला रात्री निवांत तास-दीड तास ख्याल ऐकायला पाहिजे. घरी बेळगावात टिळकवाडीत ते होत नाही, रस्त्यावरचे हॉर्न, वरच्या मजल्यावरचा मिक्सर, काय ना काय चालूच असतं. जांबोटी सोडून कणकुंबीच्या बाजूला गेलं की रात्री जी शांतता मिळते ती ऐकण्यासाठी सोनं आहे. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत मुक्कामाचा प्रश्नच नाही, आम्ही अलीकडच्या गावात कुणाच्या तरी खळ्यात विचारून थांबतो. "काका, रात्रभर गाडी लावू काय इथं?" म्हटलं की "लावा की, त्यात काय विचारायचं" असंच उत्तर येतं आणि वर सकाळी चहा येतो.

आता मुख्य दुखणं. इंजिन बंद, दार बंद, काळी एकला (पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून) लावलेला तानपुरा सुरू झाला आणि त्याच्या खाली एक बारीक घुंग. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू झाला की वाढायची, बंद झाला की कमी. दुसऱ्या कुणाला कळलीही नसती, बायकोला पण आधी कळली नाही. पण काळी एक सा धरला की तानपुऱ्याची पहिली तार, म्हणजे मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम, साधारण 104 हर्ट्झला येते, आणि आपल्या 50 हर्ट्झच्या इन्व्हर्टरची गुणगुण बॅटरीच्या लाइनवर 100 हर्ट्झला असते. म्हणजे तानपुऱ्याच्या शेजारी बसून कुणीतरी कायम उतरलेला पंचम लावतंय! दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला चारएक हेलकावे ऐकू येतात. एकदा कानाला लागलं की गाणं राहतं बाजूला, मी तेच ऐकत बसायचो. फिल्मी गाणी लावा, काही कळणार नाही. संथ विलंबित आलाप लावा, सगळं उघडं पडतं. ज्या भागात सुळेभावीला कुमार गंधर्व जन्मले (1924) आणि पलीकडं धारवाडला मल्लिकार्जुन मन्सूर गायले, तिथं बसून तानपुराच स्वच्छ ऐकू येत नसेल तर मला हे चालत नाही.

इन्व्हर्टरवाल्यांच्या सर्व्हिसला फोन केला. "साहेब, गाडीत एवढं येतंयच. दोन हजार वॉटचा घ्या, त्यात येणार नाही." म्हणजे दुप्पट पैसे घाला. नाही घातले.

खडेबाजारात ॲम्प रिपेअर करणारे एक मामा आहेत. त्यांनी आधी काय केलं तर इन्व्हर्टर बंद केला. "गेला काय आवाज? मग ॲम्पला काय झालं नाही." गाडी बनवणाऱ्यानं ॲम्पची आणि इन्व्हर्टरची निगेटिव्ह एकाच लांब वायरवर घेतली होती. इन्व्हर्टर बॅटरीतून करंट सरळ ओढत नाही, सेकंदाला शंभर झटक्यांनी ओढतो, आणि त्या वायरवर जो थोडासा व्होल्टेज पडतो तो ॲम्पला सिग्नलसारखाच दिसतो. मामांनी ॲम्पची प्लस-मायनस वेगळी काढून थेट बॅटरीच्या टर्मिनलवर नेली, मध्ये एक फ्यूज टाकला. वायर, फ्यूज, मजुरी धरून हजाराच्या आत. घुंग जवळजवळ गेलीच. त्याआधी मी ऑनलाइन मिळतो तो स्वस्तातला ग्राउंड लूप आयसोलेटर (ऑडिओच्या वायरमध्ये लावायची, घुंग अडवणारी डबी) लावून बघितला होता, घुंग गेली खरी पण तबल्याचा बायाँ पातळ झाला, आतला छोटा ट्रान्सफॉर्मर खालचे सूर नीट सोडत नाही. काढून टाकला. आणि फोन त्याच लाइनवर चार्जिंगला लावून वायरनं गाणं लावलं की परत चिर्र येतं, त्यामुळे ऐकताना चार्जर काढायचाच.

पावसाळ्याआधी कुणी विचारलं असतं तर सोलर घ्याच म्हणालो असतो. आता नाही म्हणतो. जून ते सप्टेंबर खानापूरच्या पश्चिमेला ऊन दिसत नाही, पॅनल नुसतं छतावर भिजतं. चालत्या गाडीतून चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जर आधी घ्या, बेळगाव ते कणकुंबी गाडी चालली तरी रात्रीची सोय होते. तसं ऐकायला वीज लागतच नाही म्हणा, कमी आवाजात ॲम्प दहा वॉटसुद्धा खात नाही आणि बॅटरीत 1280 वॉट-अवर आहेत. खातो तो फ्रिज, आणि इंडक्शन तर या इन्व्हर्टरवर लावूच नका.

स्पीकरबद्दलही मत बदललंय. पत्र्याच्या छतावर पावसाचा मारा सुरू झाला की स्पीकरचं काही चालत नाही. ब्युटाईल शीट (पत्र्याची थरथर मारणारी रबरी शीट) आतून चिकटवली, तिच्यावर धनगरी घोंगडी ताणून बसवली. पत्र्याची कडकड जाऊन नुसता दबका आवाज राहिला आणि आतला घुमारा पण कमी झाला, घोंगडीला ओल धरून वास येतो तेवढा सोसायचा. तरी मोठ्या पावसात हेडफोनच, क्लोज्ड बॅक म्हणजे मागून बंद असलेले. उघड्यावर तर स्पीकर मी कधीच लावत नाही. जंगलाच्या कडेला रात्रीचा आवाज लांब जातो, जनावरांना आणि गावातल्या माणसांना त्रास कशाला? दार बंद आणि आवाज असा की गाडीच्या बाहेर दोन पावलांवर ऐकू येऊ नये.

तर परवाचं भांडण. इन्व्हर्टरचा फॅन बंद पडला, गरम होऊन ट्रिप व्हायला लागला. वॉरंटीत आहे म्हणून घेऊन गेलो तर म्हणे वायरिंगला हात लावलाय, वॉरंटी गेली. अहो, हात लावला तो ॲम्पच्या वायरला, इन्व्हर्टरचं सील जसंच्या तसं आहे! बिल, सीलचा फोटो, सगळं दाखवलं. उत्तर एकच, "वर विचारून सांगतो." मी लेखी मागितलंय, अजून आलेलं नाही. तोवर मामांकडून साधा फॅन बसवून घेणार नाही, कारण मग सील खरंच तुटेल आणि त्यांना कारण मिळेल.

घ्यायचं असेल तर गाडी आणि बॅटरी बिनधास्त घ्या. फ्रिज मात्र थेट 12 व्होल्टवर चालणारा घ्या, पैसे थोडे जास्त गेले तरी. मग रात्री इन्व्हर्टर चालू ठेवायची गरजच पडत नाही. आमचा जुना फ्रिज विकायला काढलाय, बेळगावात कुणाला घरासाठी पाहिजे असेल तर सांगा, कॉम्प्रेसर चांगला आहे.