गेनचा बाप, तोत्तोचानचा बाप आणि आमचे बाबा

गेल्या दोन महिन्यांत चार गोष्टी वाचल्या, दोन मांगा म्हणजे जपानी चित्रकथा आणि दोन साधी पुस्तकं. ठरवून काहीच निवडलं नव्हतं. एक लेकाच्या कपाटातून ढापलं, एक घरात वर्षानुवर्षं पडून होतं, आणि एक मागवायला गेले तर विकणाऱ्याने दुसरा भाग दोनदा पाठवला आणि तिसरा पाठवलाच नाही. फोन केला तर म्हणे, पुस्तक तर आलंय ना मॅडम. हो बाबा, आलंय, दोनदा आलंय. तो तिसरा भाग मिळेपर्यंत तीन आठवडे गेले आणि तेवढ्यात बाकीचं वाचून झालं, म्हणून सगळ्यांची डोक्यात सरमिसळ झालीय, तशीच लिहिते.

सुरुवात योत्सुबापासून. कियोहिको आझुमाची ही मांगा, 2003 पासून चालूय, अजून संपलेली नाही. लेक नववीत आहे, त्याच्या मते हे लहान मुलांचं आहे, म्हणून त्याने मला उदारपणे देऊन टाकलं. पहिली दहा पानं मी चक्क उलटी वाचली. मांगा उजवीकडून डावीकडे वाचायची असते हे माहीत होतं, पण चौकटीसुद्धा तशाच उजवीकडून घ्यायच्या हे डोक्यातच आलं नाही, त्यामुळे पोरगी आधी उत्तर देतेय आणि बाप मग प्रश्न विचारतोय असं काहीतरी चाललेलं. तरी मला ते विनोदीच वाटलं म्हणजे बघा.

यात घडत काहीच नाही. पाच वर्षांची हिरव्या केसांची मुलगी, नव्या गावात राहायला येते, शेजारी तीन बहिणी. बाप घरून भाषांतराचं काम करतो, अर्ध्या पँटीत बसलेला असतो आणि पोरीच्या खुळ्या प्रश्नांना तितकीच खुळी उत्तरं देतो. डोकं शिणलं असेल तर घ्या. यावर जास्त लिहिण्यासारखं नाही, पण हा बाप लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे बाप याच्या एकदम उलट आहेत.

मग बेअरफूट गेन. हे मला झेपेल असं वाटलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर पूर्ण झेपलेलं नाहीच. एकूण दहा भाग, मी सहा वाचलेत. ही मांगा काढणारा केइजी नाकाझावा हा माणूस 6 ऑगस्ट 1945 ला, बॉम्ब पडला तेव्हा, सकाळी सव्वाआठला हिरोशिमात शाळेच्या फाटकापाशी उभा होता, वय वर्षं सहा. फाटकाची भिंत मधे आली म्हणून वाचला. बाप, बहीण आणि धाकटा भाऊ घराखाली अडकून जळाले. पुढे 1966 मध्ये आई गेली आणि तिला अग्नी दिल्यावर बघतो तर हाडंच उरली नव्हती, नुसती राख. त्या संतापात त्याने बॉम्बवर चित्रं काढायला घेतली आणि 1973 पासून स्वतःच्याच आयुष्यावरून रचलेल्या गेन नावाच्या पोराची गोष्ट छापायला लागला, तोही कुठे, तर पोरांच्या साप्ताहिकात, मारामाऱ्यांच्या आणि खेळांच्या गोष्टींच्या शेजारी.

आता चित्रांबद्दल. पहिल्यांदा बघून मी निराश झाले. सगळे एकमेकांना सारखे बदडत असतात, बाप पोरांना लाथा घालतो, रडायला लागले की डोळ्यातून नळ सोडल्यासारखं पाणी. जत्रेतल्या तमाशासारखं वाटतं. हे काय जगप्रसिद्ध वगैरे, असं म्हणत पन्नासेक पानं वाचली आणि मग कळलं की ही युक्ती आहे, किंवा युक्ती नसेलही, त्याला तेवढंच येत असेल, पण होतं असं की या खिदळणाऱ्या, लाथा खाणाऱ्या पोरांची आपल्याला सवय होऊन जाते आणि मग तो दिवस येतो तेव्हा तीच गोलमटोल चेहऱ्यांची माणसं तशीच्या तशी आगीत असतात. चित्राची पद्धत बदलत नाही. बदलली असती तर सोसवलं असतं.

पण माझ्या डोक्यात बॉम्बची पानं कमी राहिलीत, त्याच्या आधीची जास्त. गेनचा बाप लाकडी खडावांवर रंगकाम करून पोट भरतो आणि उघडपणे म्हणतो की ही लढाई चुकीची आहे. आजूबाजूला सगळे बांबूचे भाले घेऊन कवायत करतायत आणि हा म्हणतो, याने विमानं पडणार आहेत का. झालं. पोलीस धरून नेतात, मारहाण होते, अख्ख्या घराला देशद्रोही ठरवतात. पोरांना शाळेत त्रास. मोठा भाऊ घरावरचा डाग पुसायला म्हणून नौदलात भरती होतो, म्हणजे बापाने ज्याला विरोध केला तिकडेच पोरगा गेला, आणि तेही बापाच्याच विरोधामुळे. हे वाचून मी पुस्तक मिटून जरा वेळ बसले. शेजाऱ्यांत घराला जीव लावणारा एकच, पाक नावाचा कोरियन माणूस, त्याला बाकीचे तसेही हिणवत असतातच.

बाप पोरांना गव्हाची गोष्ट सांगतो. थंडीत गव्हाची रोपं पायाखाली तुडवतात म्हणे, म्हणजे मुळं घट्ट धरतात. तुम्ही तसे व्हा. वाक्य छान आहे, जपानी वाचक यावर रडले असतील, मीही जरा रडले. पण त्याच घरात बायको पोटुशी आहे आणि भांड्यात काही नाही. दोन भाऊ सगळा वेळ खाण्यावरून भांडतात, खाण्याची स्वप्नं बघतात. आणि आईला अंगात ताकद यावी म्हणून गेन दुसऱ्याच्या तळ्यातला कोई जातीचा मासा चोरायला जातो.

हे कोईचं प्रकरण पुढे चांगलंच गाजलं. हिरोशिमाच्या शाळांत शांततेच्या धड्यांमध्ये या मांगातला भाग शिकवत होते, तो 2023 मध्ये काढून टाकला, आणि दिलेल्या कारणांपैकी एक हे की मासा चोरलेला दाखवलाय, पोरांना गैरसमज होईल. अहो, त्याच पुस्तकात पुढे माणसांची कातडी लोंबतेय! आणि यांना मासा दिसला. आपल्याकडे असं काही झालं की आपल्याला वाटतं आपलेच लोक असे, तसं काही नाही हो, सगळीकडे तेच.

तक्रारी पण आहेत. चौथ्या भागापासून तेच तेच होतं, कोणीतरी अपमान करणार, गेन डोकं आपटून त्याला पाडणार, मग सगळे गाणं म्हणणार. अनाथ पोरांची टोळी आली की जरा हिंदी सिनेमा होतो. पण सामेजिमा नावाचं पात्र मात्र झकास आहे. लढाईच्या वेळी हाच गल्लीचा पुढारी, गेनच्या बापाला देशद्रोही म्हणणारा. लढाई संपल्यावर तोच मंचावर उभा राहून सांगतो की मी पहिल्यापासून शांततावादी, मला निवडून द्या. हे वाचताना मला भाषांतराची गरजच लागली नाही. बाय द वे, इंग्रजी प्रत डावीकडून उजवीकडेच वाचायची आहे, त्यामुळे नवख्या माणसाची पंचाईत होत नाही.

गेनच्या तिसऱ्या भागाची वाट बघताना तोत्तोचान पुन्हा काढलं, एका जपानी लेखिकेने स्वतःच्या लहानपणावर लिहिलेलं. चेतना सरदेशमुख गोसावी यांचं मराठी भाषांतर, नॅशनल बुक ट्रस्टचं, बहुतेक घरांत असतंच. लहानपणी वाचलं होतं तेव्हा रेल्वेच्या डब्यातली शाळा आणि चार तास पोरीचं बोलणं ऐकून घेणारे कोबायाशी सर, एवढंच राहिलं होतं. जेवणाच्या डब्यात समुद्रातलं काहीतरी आणि डोंगरावरचं काहीतरी आणायचं, कुणाकडे एखादं नसेल तर सरांच्या बायको दोन भांडी घेऊन फिरणार, त्यावर आम्ही बहिणी रोज जेवताना खेळायचो. कोकणात राहत असल्यामुळे आमचं समुद्रातलं कायम भरलेलं असायचं.

या वेळी दुसरंच दिसलं. हे पुस्तक हळूहळू उपाशी होत जातं. सुरुवातीला डबे रंगीबेरंगी आहेत, आणि शेवटाकडे एका स्टेशनवर कॅरॅमलचं मशीन आहे, नाणं टाकलं की गोळ्या येतात, फक्त आता आत गोळ्या नाहीत. तोत्तोचान तरी नाणं टाकून बघते. लढाई काय असते ते कुठे समजावून सांगितलेलं नाही, नुसतं रिकामं मशीन हलवणारी पोर. लहानपणी ही जागा मी वाचलीच नव्हती बहुतेक, किंवा वाचून पुढे गेले असेन.

आणि तिथेही बाप! तोत्तोचानचे वडील व्हायोलिन वाजवतात, चांगले मोठे वादक. त्यांना सांगणं येतं की दारूगोळ्याच्या कारखान्यात येऊन लष्करी गाणी वाजवा, साखर मिळेल, तांदूळ मिळेल. घरात काही नाही. तोत्तोचानच्या तोंडाला पाणी सुटलेलं. बाप जात नाही. माझ्या व्हायोलिनवर ते वाजवणार नाही, संपलं. लेखिका हे अभिमानाने लिहिते आणि मला तिचा अभिमान पटतोही, फक्त मला सारखं वाटत राहिलं की त्या रात्री स्वयंपाकघरात आई काय करत होती.

हा प्रश्न डोक्यात घेऊन स्मृतिचित्रे उघडलं, आता हे जपानशी कुठे जोडतेस असं विचाराल. लक्ष्मीबाई टिळक, जन्म 1868, पुस्तक 1934 पासून भागाभागाने आलं. शाळेत एक धडा होता तेवढाच आमचा संबंध, नि आता चाळिशी उलटल्यावर सलग वाचलं. लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याने पछाडलेले. वडिलांच्या सासऱ्यांना 1857 च्या बंडात फाशी झाली त्या धक्क्याने सुरू झालं, आणि मग इतकं वाढलं की घरात आलेली प्रत्येक वस्तू धुवायची, मीठसुद्धा. मीठ धुवायचं म्हणजे काय होतं ते बाईमाणसाला सांगायला नको. बापाचं सोवळं होतं, पाणी मात्र घरच्या बायकांनी ओतायचं. पुढे नवरा मिळाला रेव्हरंड टिळक, कवी, मनाने सोनं, पण घरात एक पैसा टिकू न देणारा, आणि 1895 मध्ये बायकोला न सांगता ख्रिस्ती झालेला. त्यांनी एका दिवसात उडी मारली, बाईंना त्याच पाण्यात उतरायला पाच वर्षं लागली आणि त्या स्वतःच्या पायांनी उतरल्या.

पण बाई हे सगळं सांगतात कसं, तर हसत. ओट्याशी उभं राहून शेजारणीला सांगावं तसं. नवऱ्यावर एवढं प्रेम आणि तरी त्याची एकही फजिती सोडत नाहीत. गेनची आई असं लिहायला बसली असती तर काय झालं असतं असं मला फार वाटलं. चारांपैकी एकच घ्यायचं असेल तर डोळे मिटून हे घ्या, फक्त पहिली तीस पानं नावांचा आणि नात्यांचा घोळ होईल, तो सोसा.

आता आमचे बाबा. मास्तर होते, गणित शिकवायचे, आणि शिकवण्या घ्यायच्या नाहीत हे तत्त्व. जे शाळेत देतो ते घरी विकणार नाही. तालुक्यात लोक अजून नाव काढतात, आम्हालाही अभिमान आहेच. आई ब्लाउज शिवायची. रात्री अकरापर्यंत मशीनचा आवाज, मे महिन्यात त्यात फणसाचे पापड. घरात पाच माणसं आणि बांगडे तीन आले की आईच्या ताटात डोकं नि शेपूट, तिला तेच आवडतं असं आम्ही कित्येक वर्षं मनापासून धरून चाललो होतो.

मागच्या रविवारी आई आली होती तेव्हा गेनचा पहिला भाग टीपॉयवर पडला होता. इंग्रजी तिला येत नाही, पण चित्रं बघत बसली. बॉम्बची पानं तिने भराभर उलटली, तोंडाने च्च च्च करत. मग उलट मागे आली आणि तळ्याच्या पानावर थांबली. हा पोरगा काय करतोय म्हणाली. मी सांगितलं, आई पोटुशी आहे, घरात खायला नाही, बाप असा असा आहे, म्हणून मासा चोरतोय. तिने चष्मा वर करून मासा नीट बघितला.

"तळ्यातला ना? चिखलाचा वास येतो गं त्याला," म्हणाली. "आमसुलं भरपूर घालायला हवीत. त्यांच्याकडे कुठून मिळणार."