सोनाराच्या हत्याराने रणगाड्याचे रिव्हेट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश व्हॅलेंटाइन रणगाड्याच्या १:३५ प्रमाणातल्या मॉडेलचा सांधा घासताना शेजारची रिव्हेटची, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या गोल डोक्याच्या खिळ्यांची, अख्खी ओळ माझ्या हातून घासली गेली. तिथून हे सगळं सुरू झालं. प्लॅस्टिकच्या किटमध्ये ही अडचण येतेच. साचा ज्या दिशेने उघडतो त्या दिशेला तोंड असलेल्या पृष्ठभागावर रिव्हेट छान उमटतात, पण बाजूच्या उभ्या भिंतींवर ते पुसट येतात किंवा येतच नाहीत. वेल्डिंगने जोडलेल्या रणगाड्यात हे एक वेळ खपून जाईल. व्हॅलेंटाइनचं तसं नाही. १९४० ते १९४४ या काळात आठ हजारांहून जास्त व्हॅलेंटाइन बनले आणि त्यांतल्या बहुतेकांचे पत्रे रिव्हेट-बोल्टांनीच जोडलेले होते. रिव्हेट काढले तर त्याचा चेहराच जातो.

आधी मी ऑनलाइन पंच-डायचा संच मागवला: भोकं पाडलेला पोलादी ठोकळा, वर पारदर्शक पट्टी आणि ०.५ ते २ मि.मी.चे पंच. साडेचार हजार रुपये गेले. चकत्या अगदी स्वच्छ कापल्या जातात, त्याबद्दल तक्रार नाही. पण चकती सपाट असते आणि रिव्हेटचं डोकं असतं घुमटासारखं. कडांवर प्लॅस्टिक विरघळवून चिकटवणारं पातळ सॉल्व्हंट फिरवून मी गोलाई आणायचा प्रयत्न केला. दहातल्या चार जमायच्या, बाकीच्या विरघळून चपट्या व्हायच्या. तिसऱ्या महिन्यात ०.५चा पंच वाकला. विक्रेत्याने सुटा पंच द्यायला नकार दिला, याचा मला अजून राग आहे. एवढ्या किमतीच्या हत्याराचा सर्वांत नाजूक भाग सुटा मिळायलाच हवा.

मग एका ओळखीच्या सोनारकाकांनी खडे बसवायची हत्यारं दाखवली. पेन्सिलीपेक्षा बारीक पोलादी काडी, टोकाला इवलीशी खोलगट वाटी, मागे लाकडी मूठ. खड्याच्या कडेला धातूचा दाणा उचलून त्याला गोल डोकं द्यायला ती वापरतात. पुण्यातल्या सोन्या मारुती चौकाच्या आसपास सोनारांचं सामान विकणाऱ्या एका दुकानात बारा नगांचा संच साडेचारशेला मिळाला. दुकानदार म्हणाले, "ताई, कोणाकडे शिकताय का जडावाचं काम?" मी पिशवीतून रणगाड्याचा बुरूज काढून दाखवला. त्यांनी भिंग लावून तो बराच वेळ पाहिला आणि चार नग परत घेऊन त्याजागी बारीक वाट्यांचे दिले.

माझी पद्धत अशी. ०.१३ मि.मी. जाडीचा प्लॅस्टिकचा पत्रा खोडरबरावर ठेवायचा. काडी अगदी उभी धरून दाबायची आणि दाब न सोडता अर्धा वळसा द्यायचा. वाटीची धार चकती कापते आणि पोकळी तिला घुमट देते, दोन्ही कामं एका दाबात होतात. चकती वाटीतच अडकते. ती चिकटपट्टीवर टेकवून उतरवायची, म्हणजे ओळीने वीस-पंचवीस रिव्हेट तयार राहतात. काडी जरा जरी तिरकी झाली तरी एका बाजूला पापुद्रा राहतो. असा रिव्हेट सरळ टाकून द्यावा, तासत बसू नये.

माप ठरवायला खऱ्या डोक्याच्या व्यासाला ३५ने भागायचं. २५ मि.मी.चं डोकं मॉडेलवर ०.७ मि.मी. होतं, ३५चं १ मि.मी. खऱ्या रिव्हेटचं डोकं दांड्याच्या साधारण दीडपट ते पावणेदोनपट रुंद असतं, म्हणून नुसता दांड्याचा आकडा हाती असेल तरी अंदाज बांधता येतो. १:७२मध्ये हेच २५ मि.मी. ०.३५वर येतं, आणि तिथे माझा संच थांबतो. त्या प्रमाणासाठी राळेचे उठावदार ठिपके छापलेले डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायचे छाप) घ्यावेत.

रिव्हेटपेक्षा ओळ महत्त्वाची, हे मला फार उशिरा कळलं. एखादं डोकं किंचित वाकडं असेल तर डोळा ते सोडून देतो. एक रिव्हेट ओळीबाहेर गेला तर तोच आधी दिसतो. आता मी मास्किंग टेपची कड ओळ म्हणून लावते, डिव्हायडरने समान अंतरं टोचते आणि त्या टोचणीवर ओल्या कुंचल्याच्या टोकाने रिव्हेट ठेवते. पाणी सुकल्यावर अगदी बारीक, ००० नंबरच्या कुंचल्याने सॉल्व्हंटचा एक थेंब कडेला टेकवायचा, तो आपोआप खाली ओढला जातो. वरून लावला तर घुमट चपटा होतो. पहिल्या बाजूला मी घाईने थेंब अपुरा दिला होता. रंगानंतर टेप काढताना अकरा रिव्हेट टेपबरोबर निघून आले.

पावसाळ्यात आणखी एक धडा मिळाला. जुलैत वाट्यांच्या आत गंजाचे ठिपके आले आणि प्रत्येक रिव्हेटवर तेच खड्डे उमटू लागले. मशीनचं तेल आणि सिलिका जेलची पुडी घातलेला बंद डबा, एवढ्याने ते थांबलं. आठ महिन्यांत रोज वापरातल्या दोन वाट्यांची धार बोथट झाली आहे. ती पुन्हा उठवायची बारीक गोल उंचवट्यांची पट्टी सोनारांकडे असते. काकांनी पाच मिनिटांत करून दिलं.

मधे मी अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियमला जाऊन आले. १९९४मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात व्हॅलेंटाइन आहे, शिवाय रोल्स-रॉइसची चिलखती मोटारही. उन्हात समोर उभं राहिल्यावर रिव्हेट खऱ्या अर्थाने दिसतात: प्रत्येक डोक्याच्या खाली चंद्रकोरीसारखी सावली, जाड रंगाने कडा भरलेल्या. वर्कशॉपातली माणसं याला रिपीट म्हणतात. त्या काळी जाड, कठीण केलेल्या पोलादाला वेल्डिंग करताना तडे जायचे, म्हणून हा मार्ग होता; पण बाहेरून गोळा आदळला की रिव्हेट तुटून आतल्या माणसांवर गोळीसारखा उडायचा. ते आठवून मी बराच वेळ तिथेच थांबले. घरी आल्यावर प्रायमरचा हात आणखी पातळ केला आणि तेलरंगाची पातळ धुवण डोक्यांच्या बुडाशीच सोडली. ती सावली मला हवी होती.

घ्यायचा असेल तर सोनारी संच घ्या. ०.५ ते १ मि.मी.च्या चार वाट्या पुरतात. वॉशर आणि मोठ्या सपाट चकत्यांसाठी माझा पंच-डाय अजून टेबलावर आहे. गोलाकार भागांवर पत्र्याचे रिव्हेट नीट बसत नाहीत. तिथे बारीक पोताच्या इपॉक्सी पुट्टीचा कण ठेवून, तो अर्धवट घट्ट झाला की पावडर लावलेली वाटी हलकेच टेकवते. यात मला अजून दहातले सहाच साधतात. व्हॅलेंटाइनच्या उजव्या बाजूच्या दोन ओळी बाकी आहेत.